डीआय रेझिन सारखं संपतंय? नवं आणण्याआधी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड तपासा

नागपुरात धरमपेठेतल्या घरी माझ्या मरीन टँकसाठी (समुद्री माशांच्या टाकीसाठी) डीआय रेझिन, म्हणजे आरओच्या पाण्यातले उरलेसुरले क्षार धरणारे मणी, एकदा भरलं की जवळजवळ वर्षभर त्याकडे बघावं लागत नसे. दोन वर्षांपूर्वी बेसा भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तेच आरओ युनिट, तोच पारदर्शक डबा, त्याच दुकानातलं तेच रेझिन. सात आठवड्यांत डबा खालपासून वरपर्यंत तपकिरी झाला (हे रंग बदलणारं रेझिन, संपलं की निळ्याचं तपकिरी होतं). दुसऱ्यांदा भरलेलं सहा आठवडे टिकलं. तिसऱ्यांदा भरलं ते मे महिन्याच्या सुरुवातीला, आणि महिना संपायच्या आत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारं) शून्यावरून हललं.

प्रत्येक वेळी मी एकच केलं, रेझिन बदललं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, लॉट खराब आला असेल, हे इम्पोर्टेड घेऊन पाहा." दुप्पट पैसे मोजून तेही घेतलं. पाच आठवड्यांत तेही गेलं. तेव्हा कुठे मी रेझिन सोडून त्याच्यापर्यंत येणाऱ्या पाण्याकडे बघायला लागलो.

त्यानंतर मनीषनगर, हुडकेश्वर, वाठोडा या भागांतल्या पाच-सहा घरी हीच तक्रार पाहिली. कुणाचा मरीन टँक, कुणाची क्रिस्टल झिंगे, एका काकांचे डिस्कस मासे. कारणं वेगवेगळी निघाली, पण एक कारण जवळजवळ सगळीकडे होतं आणि ते टीडीएस मीटरवर दिसत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तीन आकडे लिहून घ्या

नळाच्या किंवा बोअरच्या कच्च्या पाण्याचा टीडीएस, आरओमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस आणि डीआयनंतरचा टीडीएस. तिन्ही एकाच दिवशी, एकाच मीटरने घ्या, आणि आरओ किमान दहा मिनिटं चालू झाल्यावर घ्या. डीआयचं पाणी ग्लासात काढून ठेवून नंतर मोजू नका. इतकं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड लगेच ओढून घेतं आणि शून्याचा एक होतो. नळी मीटरच्या टोकावर धरून वाहत्या धारेतच मोजा.

माझे आकडे असे होते: बोअर ६८०, आरओनंतर १४, डीआयनंतर ०. म्हणजे मेंब्रेन जवळपास ९८ टक्के क्षार अडवत होतं. नव्या मेंब्रेनकडूनही याहून फार जास्त अपेक्षा धरता येत नाही. तुमचा हिशेब ९५ टक्क्यांच्या खाली येत असेल तर रेझिनचा विचार बाजूला ठेवा आणि आधी मेंब्रेन बदला, किंवा पाण्याचा दाब तपासा.

पण माझं मेंब्रेन चांगलं होतं. धरमपेठेत महापालिकेचं पेंच धरणाचं पाणी होतं तेव्हा आरओनंतर ५ यायचे, आता १४. ओझं तिपटीहून कमी वाढलं. मग रेझिनचं आयुष्य सात-आठ पटींनी का घटावं? हा फरक मला बरेच दिवस उलगडत नव्हता.

मीटरला न दिसणारं ओझं

बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. पावसाचं पाणी मातीतून मुरताना मुळांच्या श्वसनातून आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन खाली जातं आणि खडकातला चुना विरघळवतं. कूलरच्या जाळीवर आणि बाथरूमच्या नळावर बसणारा पांढरा थर त्याचाच. या क्षारांसोबत बराचसा कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपातही पाण्यात विरघळलेला राहतो.

आरओचं मेंब्रेन बायकार्बोनेट अडवतं, कारण त्याच्यावर विद्युतभार असतो. विरघळलेल्या वायूवर भार नसतो, म्हणून तो मेंब्रेनमधून जवळजवळ पूर्णपणे पार होतो. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि हा वायू वाहकतेत फारशी भर घालत नाही. त्यामुळे आरओनंतर मीटर १४ दाखवतं आणि आपण निश्चिंत होतो. पुढे डीआयच्या डब्यात गेल्यावर ॲनायन रेझिनचे (ऋण भाराचे आयन धरणाऱ्या मण्यांचे) हायड्रॉक्साइड आयन त्या वायूला पकडतात, त्याचं बायकार्बोनेट करतात आणि स्वतः खर्च होतात. रेझिन आपलं काम चोख करत असतं, फक्त आपण त्याच्यावर टाकलेलं काम आपल्याला दिसत नाही.

प्लांटेड टँकवाल्यांना, म्हणजे टँकमध्ये झाडं वाढवणाऱ्यांना, केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप, अंशांत), पीएच आणि कार्बन डायऑक्साइड यांचा तक्ता माहीत असतो. तोच तक्ता बोअरच्या पाण्याला लावा. सूत्र असं: केएचला ३ ने गुणा, मग १० च्या (७ वजा पीएच) इतक्या घाताने गुणा. माझ्या बोअरचा केएच १७ आणि पीएच ७.३ होता. उत्तर आलं लिटरमागे सुमारे २६ मिलिग्रॅम. धरमपेठेच्या पाण्याचा केएच माझ्या जुन्या वहीत ६ लिहिलेला होता आणि पीएच ८. तिथे उत्तर येतं दोनच्याही खाली.

आता रेझिनचा हिशेब. दहा इंची डब्यात साधारण पाऊण लिटर मिश्र रेझिन मावतं. त्याची प्रत्यक्षात मिळणारी क्षमता ढोबळमानाने ४०० मिलिइक्विव्हॅलंट (रेझिन किती आयन धरू शकतं त्याचं माप) धरू. मीटरवरचा टीडीएस मिठाच्या हिशेबात असतो, म्हणून ५८ ने भागला की मिलिइक्विव्हॅलंट मिळतात. कार्बन डायऑक्साइडचे मिलिग्रॅम ४४ ने भागायचे.

धरमपेठ: ५ भागिले ५८ म्हणजे ०.०९, अधिक वायूचे ०.०४, एकूण ०.१३. चारशेला याने भागा, तीन हजार लिटरच्या वर पाणी निघतं. मला आठवड्याला ६० लिटर लागतं, ३५ लिटर पाणी बदलायला आणि बाकी रोजची वाफ भरायला. म्हणजे वर्षभर.

बेसा: १४ भागिले ५८ म्हणजे ०.२४, अधिक वायूचे ०.५९, एकूण ०.८३. चारशे भागिले ०.८३ म्हणजे ४८० लिटर. आठ आठवडे.

हा हिशेब मी रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून केला आणि पेन खाली ठेवलं. रेझिनवरच्या ओझ्याचा दोन-तृतीयांशाहून मोठा भाग मीटरला दिसतच नव्हता. ज्या रेझिनला मी चार वेळा शिव्या दिल्या, त्याने कागदावर येतं जवळपास तेवढंच पाणी मला दिलं होतं.

घरच्या घरी खात्री कशी करायची

केएचचं किट नसेल तरी चालेल. बोअरचं पाणी नळातून थेट बाटलीत तोंडापर्यंत भरा, फेस येऊ देऊ नका आणि लगेच पीएच मोजा. मग तेच पाणी बादलीत घेऊन एअर पंपाचा दगड रात्रभर सोडा आणि सकाळी पुन्हा मोजा. माझा ७.३ चा ८.३ झाला होता. पीएचमध्ये ०.५ हून जास्त फरक पडला तर पाण्यात वायू भरपूर आहे असं समजा. काही घरी सकाळी बादलीच्या तळाशी पांढुरकी भुकटीही दिसते. वायू उडून गेल्यावर चुना विरघळलेला राहू शकत नाही, तो खाली बसतो.

ही चाचणी कच्च्या पाण्यावरच करा. आरओनंतरच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की त्याचा पीएच कुठल्याही किटवर नीट लागत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण नव्या स्कीममध्ये हे हमखास ऐकू येतं: "आमच्या सोसायटीला सॉफ्टनर आहे, आम्हाला काही होणार नाही." सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. मेंब्रेनवर थर बसत नाही, हा फायदा खरा आहे. पण बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड होते तसेच राहतात आणि तुमचं रेझिन त्याच वेगाने संपतं.

उपाय: आरओ आणि डीआयच्या मध्ये एक ड्रम

आरओचं पाणी थेट डीआयमध्ये जाऊ द्यायचं नाही. मी ६० लिटरचा झाकणाचा फूडग्रेड ड्रम घेतला. आरओचं पाणी त्यात पडतं. आत दोन एअर स्टोन आहेत आणि झाकणाला चार भोकं आहेत, कारण बंद ड्रममध्ये वायू जायला जागा मिळत नाही. एका दिवसाने तेच पाणी छोट्या डायफ्राम पंपाने डीआयच्या डब्यातून काढतो. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी कार्बन डायऑक्साइड उरतो. घरगुती सोयीत तिथपर्यंत पोचलो नाही आणि २ उरला असं धरलं, तरी ०.५९ चं ०.०५ होतं.

पंप लावताना एक चूक मी केली. पंप जोरात सोडला, पाणी रेझिनमधून सुसाट गेलं आणि मीटर १ दाखवायला लागलं. दहा इंची डब्याला तासाला १२ ते २० लिटर ठीक. बाहेर जाणाऱ्या नळीला एक छोटा कॉक लावा आणि बाटली भरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजा. लिटरची बाटली तीन ते पाच मिनिटांत भरली पाहिजे.

एअर पंप जिथली हवा ओढतो ती जागाही बघा. कूलरच्या मागे, स्वयंपाकघराच्या धुरात किंवा फिनाईलच्या बाटलीशेजारी तो ठेवू नका.

पाण्यात सोडा टाकून पीएच वाढवायचा, म्हणजे वायूचं बायकार्बोनेट होईल आणि मेंब्रेन ते अडवेल, असा उपाय काही जण सांगतात. रसायनशास्त्राला धरून तो बरोबर आहे. पण आपल्या जड पाण्यात पीएच वाढवला की चुना मेंब्रेनवरच बसतो. सॉफ्टनर नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तरी कागदावरचे आठ आठवडे सात-सहा कसे झाले?

ड्रम बसवण्याआधीच्या काळाबद्दल हा प्रश्न मला पडला होता. एक दिवस आरओ चालू केल्याबरोबर दर वीस सेकंदांनी मीटर लावून बघितलं. पहिला आकडा ११०. मग ९०, ७०. तीन मिनिटांनी कुठे १४. आरओ बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सरमिसळ होतात आणि सुरू केल्यावर ते पहिलं खराब पाणी थेट रेझिनवर जातं. मी रोज वाफ भरण्यापुरतं चार लिटर बनवत होतो, म्हणजे रोज वीस मिनिटं आरओ चालवायचो आणि त्यातली तीन मिनिटं असं पाणी. सरासरी १४ नाही, २१ पडत होती.

यासाठी आरओच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि कॉक लावला. पहिली तीन-चार मिनिटं ते पाणी बादलीत, फरशी पुसायला. आणि रोज थोडं थोडं बनवण्याऐवजी दोन दिवसांतून एकदा एकदम वीस-पंचवीस लिटर. खर्च शंभर-सव्वाशे रुपये, फायदा लगेच.

मे महिन्याचं गणित वेगळं. दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मी मोजलं, ४१ अंश. गरम पाण्यात मेंब्रेनमधून पाणी जास्त सुटतं, पण क्षारही जास्त सुटतात. त्यात वाया जाणाऱ्या पाण्याचा एफआर (प्रवाह आवळून धरणारा भाग) ठरावीक मापाचा असल्याने मेंब्रेनच्या आतलं पाणी आणखी दाट होतं. मे महिन्यात १४ चा आकडा आणखी वाढला तो असा. मेंब्रेनची मर्यादा साधारण ४५ अंश असते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात टाकी त्याच्या फार जवळ जाते. एप्रिल ते जूनचा मधला आठवडा मी आरओ पहाटे पाच-साडेपाचला चालवतो. टाकी रात्रभर निवलेली असते आणि आकडा १५ च्या पुढे जात नाही.

घरातल्या पिण्याच्या आरओला डीआय जोडलं असेल तर

वाठोड्याच्या त्या डिस्कसवाल्या काकांकडे रेझिन दहा दिवसांत जात होतं. दहा दिवस! मी गेलो तेव्हा ते म्हणाले, "बाळा, मी तर पिण्याचंच पाणी वापरतो, त्याहून शुद्ध काय असणार?" पाणी मोजलं, आरओनंतर ९०. मशीन उघडली तर मेंब्रेननंतर टीडीएस कंट्रोलर होता आणि त्याच्यापुढे मिनरलचं कार्ट्रिज.

हे दोन्ही भाग माणसांना पिण्यासाठी आहेत. कंट्रोलर थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो, मिनरलचं कार्ट्रिज त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम घालतं. पिण्यासाठी ते योग्यच. पण डीआय त्यांच्या पुढे जोडलं की आधी घातलेले क्षार काढण्यात रेझिन संपतं. मेंब्रेनच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर, या दोघांच्या आधी टी घेऊन डीआयला वेगळी वाट द्या. काकांच्या घरी हे काम अर्ध्या तासात झालं. आरओनंतरचा आकडा ९० वरून ११ वर आला.

आता रेझिनची निवड

इथवरचं नीट केल्याशिवाय हा भाग वाचून फारसा उपयोग नाही, म्हणून तो मागे ठेवला.

दुकानात नुसतं "रेझिन द्या" म्हणाल तर बहुतेक वेळा सॉफ्टनरचं रेझिन हातात पडेल. सोनेरी-तपकिरी बारीक मणी असतात, दिसायला सुंदर. ते सोडियम फॉर्ममधलं कॅटायन रेझिन (धन भाराचे आयन धरणारं). त्यातून काढलेल्या पाण्याचा टीडीएस तेवढाच राहतो, फक्त चुन्याच्या जागी सोडियम येतं. आपल्याला मिश्र रेझिन हवं: कॅटायन हायड्रोजन फॉर्ममध्ये आणि ॲनायन हायड्रॉक्साइड फॉर्ममध्ये. दुकानदाराला हेच शब्द सांगा, "एच आणि ओएच फॉर्मचं मिक्स बेड". डीएम प्लांटसाठी (कारखान्यातल्या क्षारमुक्त पाण्याच्या यंत्रणेसाठी) सुटं मिळणारं कॅटायन बऱ्याचदा सोडियम फॉर्ममध्ये आणि ॲनायन क्लोराइड फॉर्ममध्ये येतं. कारखान्यात ते ॲसिड आणि कॉस्टिकने तयार करून घेतात. ते तसंच डब्यात भरलं तर टँकमध्ये मीठ जाईल. हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मित्राने मला प्रेमाने असं अख्खं पोतं आणून दिलं होतं. ते परत द्यावं लागलं.

पोत्यावर किंवा डेटाशीटवर तीन गोष्टी शोधा.

प्रमाण. ॲनायनची क्षमता लिटरमागे कॅटायनच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणून चांगल्या मिश्रणात आकारमानाने ४० टक्के कॅटायन आणि ६० टक्के ॲनायन असतं. निम्मं-निम्मं मिश्रण स्वस्त पडतं, पण बोअरच्या पाण्यात वायूचं सगळं ओझं ॲनायनवर येतं आणि अर्धं कॅटायन न वापरताच फेकावं लागतं.

ॲनायनचा प्रकार. टाइप १ आणि टाइप २ असे दोन असतात. टाइप १ सिलिका चांगलं धरतं आणि हायड्रॉक्साइड फॉर्ममध्ये ६० अंशांपर्यंत टिकतं. टाइप २ ची मर्यादा साधारण ४० अंश. नागपूरच्या मे महिन्यात बाल्कनीतलं किंवा गच्चीवरचं युनिट ४० सहज ओलांडतं. म्हणून माझं स्पष्ट मत: आपल्याकडे टाइप १ च घ्या, स्वस्तात मिळालं तरी टाइप २ नको. डेटाशीटवर टाइप लिहिलेलाच नसेल तर विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे बघा.

दर्जा. अतिशुद्ध, न्यूक्लिअर ग्रेडचं रेझिन घेण्याची गरज मला कधी वाटली नाही. इंडिऑन, टल्सिऑन ही इथे बनणारी नावं आहेत आणि त्यांच्या श्रेणीत मिक्स बेड असतं. परदेशी मालही चांगला असतो. पण भाव नावाचा देऊ नका. सीलबंद पिशवी आणि ताजी पॅकिंग तारीख यांना भाव द्या.

रंग बदलणारं घ्यावं का? घ्या, पहिल्या डब्यात तरी. पण रंगावर विसंबून राहू नका, ते मीटरच्या आधी किंवा नंतर बदलू शकतं. रंगाचा खरा उपयोग दुसराच आहे, तो पुढे सांगतो.

कॅटायन, ॲनायन आणि मग मिश्र असे तीन वेगळे डबे लावणारेही आहेत. बोअरच्या पाण्यात कुठलं आधी संपतं ते कळतं, आणि ॲनायनच एकटं जास्त घेता येतं. ज्यांनी ते लावलंय त्यांनी एका आकड्याला घाबरू नये: कॅटायनच्या डब्यातून निघालेलं पाणी मीटरवर आरओपेक्षा जास्त दाखवतं. क्षारांच्या जागी हायड्रोजन आयन आलेले असतात, ते वीज खूप जास्त वाहतात. डबा बिघडलेला नाही.

माझी शिफारस साध्या पाण्यासाठी एक आणि बोअरसाठी दोन मिश्र डबे, एकामागे एक. दोघांच्या मध्ये मीटर. पहिल्यानंतर १ दिसला की पहिला रिकामा करायचा, दुसरा पुढे आणायचा आणि नवं रेझिन मागे. दुसऱ्याच्या बाहेर कधी शून्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. "३ झाले तर काय बिघडलं?" असं विचारतात. बिघडतं ते असं: रेझिन भरत आलं की घट्ट धरले जाणारे आयन ढिले धरलेल्यांना ढकलून बाहेर काढतात. सगळ्यात ढिलं धरलेलं असतं सिलिका. ते एकदम साचून सुटतं आणि मीटरला तेही दिसत नाही. काचेवर तपकिरी डायटमची (सूक्ष्म शेवाळाची) साय पुन्हा पुन्हा येत असेल, रेती खरडूनही आठवड्यात परत येत असेल, तर आधी रेझिनकडे बघा.

ॲसिड आणि कॉस्टिक आणून मिश्र रेझिन घरी पुन्हा चार्ज करायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही रेझिनं आधी पूर्ण वेगळी करावी लागतात, आणि घरात लहान मुलं असताना कॉस्टिकचा डबा ठेवणं मला पटत नाही.

भरताना

रंग बदलणारं रेझिन इथे डोळ्यांना दाखवतं. डब्यातली निळी आणि तपकिरी यांच्यामधली रेघ आडवी सरळ वर सरकत असेल तर पाणी सगळ्या मण्यांतून जातंय. माझ्या पहिल्या डब्यात ती रेघ तिरपी होती. एका बाजूला तपकिरी पट्टा वरपर्यंत गेलेला, दुसऱ्या बाजूला चार बोटं रुंदीचं निळं रेझिन तसंच न वापरलेलं. रेझिन सैल भरलं होतं आणि पाण्याने सोपी वाट काढली होती.

आता मी थोडं भरतो, कार्ट्रिज ओट्यावर हलकेच आपटतो, मणी खाली बसतात, पुन्हा भरतो. झाकणाखालचा स्पंज दाबून बसेल इतकं. कार्ट्रिज बोटाने वाजवलं की मण्यांचा खुळखुळ आवाज यायला नको. डबा उभाच ठेवा आणि पाणी शक्यतो खालून वर जाऊ द्या. आडव्या डब्यात मणी दाबून भरले तरी वरच्या बाजूला फट पडते. नवं रेझिन लावल्यावर पहिलं दोन-तीन लिटर पाणी फेका.

उरलेलं रेझिन ओलसरच, हवा काढून, दोन पिशव्यांत बांधून सावलीत ठेवा. उघडी पिशवी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढते, म्हणजे वापरण्याआधीच खर्च होते. कोरडी पडली तर पाण्यात टाकल्यावर मणी तडकतात. पिशवी उघडल्यावर थोडा मासळीसारखा वास आला तर तो ॲनायन रेझिनमधल्या अमाइनचा असतो, थोडा असला तर धुऊन जातो. वास उग्र असेल तर पिशवी उन्हात तापलेली आहे, ती परत करा.

माझ्याकडे आता ड्रम, टी-कॉक आणि दोन डबे आहेत. पहिल्या डब्यावर मास्किंग टेपची पट्टी चिकटवली आहे आणि प्रत्येक वेळी काढलेले लिटर त्यावर पेनाने लिहितो. मागच्या वेळी पहिला डबा १,३२० लिटरला बदलला. आताची पट्टी ८६० वर आहे, रेघ अर्ध्याच्या जरा वर आहे, आणि आडवी सरळ आहे.